दोघांनी हो म्हटल्याशिवाय

मागच्या आठवड्यात माझ्या लॅपटॉपनं मान टाकली. आधी नुसता रेंगाळायचा, मग एक दिवस काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी कुरकुर. मी तो उचलून लॅपटॉप दुरुस्तीच्या त्या नव्या, काचेच्या दाराच्या दुकानात नेला. तिथला माणूस म्हणाला, हार्ड डिस्क गेली, चहा पिऊन या. मी चहा पिऊन आलो तर नवी डिस्क बसलेली, विंडोज भरलेलं, लॅपटॉप तयार. जुन्या डिस्कवरचं काही हवं का, हेसुद्धा विचारलं नाही. मीच आवाज चढवला तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत टाकून हातात दिली. काम चोख, तक्रारीला जागा नाही, आणि तरी माझं डोकं असं फिरलं की घरी येईपर्यंत मी दोन स्कूटरवाल्यांशी भांडलो.

बायको म्हणाली, "काहून चिडून राहिले? झाला ना दुरुस्त?"

आता हिला काय सांगू? सुनंदाताईच्या दुकानात याच कामाला अख्खी दुपार लागायची, दोन वेळा चहा व्हायचा, एखादं भांडण व्हायचं, आणि निघताना माणसाला वाटायचं की आपण काहीतरी करून आलो. मला तिची आठवण आली होती, बस. तिची आठवण आली की मी चिडतो. हा माझा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही.

सुनंदाताई निपाने माझी शेजारीण. घराची नव्हे, दुकानाची. नागपूरच्या इतवारीत भांडेबाजाराच्या मागच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्याला लागून तिचं. मधली भिंत अशी पातळ की तिकडे ती शिंकली की इकडे मी "सत्य" म्हणायचो. समोरून हातगाड्या, मागून टेम्पोचे भोंगे, पलीकडे दिवसभर पितळेवर ठोकाठोक, आणि या सगळ्यांच्या वर तिचा आवाज. मी मुळात शांतताप्रिय माणूस. हे वाक्य वाचून बायको हसेल, हसू दे.

दुकानाला नाव नव्हतं. बोर्डावर एवढंच लिहिलेलं: 'येथे लॅपटॉप पाहिले जातील'.

मी एकदा म्हटलं, "ताई, हे पोरगी पाहायला आल्यासारखं वाटते."

"मंग?" ती म्हणाली. "आधी पाह्यणार, मंग बोलणी करणार, जमलं तर हात लावणार. तुमच्यासारखं नाही भाऊ, कागद आला का घाल मशीनमंदी."

चाळिशी ओलांडलेली, अंगानं भरलेली, चष्मा कायम कपाळावर आणि स्क्रूड्रायव्हर कायम अंबाड्यात. तो अंबाड्यात आहे हे ती दिवसातून अनेकदा विसरायची आणि चोरीचा आळ गिऱ्हाइकावर घ्यायची. लॅपटॉपचे बारीक स्क्रू ठेवायला तिच्याकडे स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा होता. मोहरीच्या वाटीत झाकणाचे, हळदीच्या वाटीत डिस्कचे, जिऱ्याच्या वाटीत बिजागरीचे. पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक तो डबा पाहून हबकायचं. ती म्हणायची, "घाबरू नका, फोडणी नाही देत."

नम्रता तिला माहीत नव्हती. "नागपुरात लॅपटॉप मलेच समजते, बाकीचे नुसतं झाकण खोलतात," हे ती कोणालाही, न विचारता सांगायची. मूळची उमरेडची, विणकर घरातली. वडील हातमागावर साड्या विणायचे. पोरीनं हार्डवेअरचा कोर्स केला तेव्हा त्यांना आधी लोखंडाचं दुकान काढणार असं वाटलं होतं म्हणे. लग्न केलं नाही. गल्लीतल्या कोणी खोचकपणे विचारलं तर उत्तर तयार असायचं: "माह्या पसंतीचा माणूस अजून लोडच होऊन राह्यला." पुन्हा विचारायची कोणाची हिंमत होत नसे.

पण तिची खरी ओळख म्हणजे तिचा नियम. डिस्क बदलून नव्यानं विंडोज टाकायचं असेल तर दुकानात दोन माणसं लागायची. दोघांनी हो म्हटल्याशिवाय ती एक अक्षर पुसायची नाही.

एक वकीलसाहेब आले. ऐटीत लॅपटॉप ठेवला, म्हणाले, नवी डिस्क टाका, जुनं सगळं उडवा.

"मॅडमले घेऊन या," सुनंदाताई म्हणाली.

"लॅपटॉप माझा आहे."

"म्हणूनच तं."

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला. तिनं शांतपणे लॅपटॉप पिशवीत घालून परत दिला. संध्याकाळी मॅडम आल्या. स्क्रीनवर 'महत्त्वाचे' नावाचा फोल्डर निघाला, तो उघडला तर त्यात साहेबांचे वेगवेगळ्या कोनांतून काढलेले स्वतःचेच फोटो. मॅडम म्हणाल्या, उडवा. साहेब म्हणाले, राहू द्या. यावरून जो वाद झाला तो मी झेरॉक्स मशीन बंद करून ऐकला. सुनंदाताई मध्येच म्हणायची, "एक हो झाला. दुसरा यायचा हाय." शेवटी चार फोटोंवर तडजोड झाली आणि दोघं हसत बाहेर पडली.

एकटा राहणारा एक पेन्शनर दुसरा माणूस म्हणून रिक्षावाल्यालाच घेऊन आला. रिक्षावाल्यानं इतक्या मन लावून फाइली पाहिल्या की पेन्शनरकाका म्हणाले, माझ्या पोरांनी इतकं कधी पाहिलं नाही. कोणीच नसलं की भिंतीवर थाप पडायची, "भाऊ, या जरा हो म्हणायले!" आणि मी, कामाचा माणूस, उठून जायचो. किती लोकांच्या पुसण्याला मी होकार दिला असेल, देव जाणे.

काम सुरू झालं की ती लॅपटॉपशी बोलायची. विंडोज बसताना ते प्रश्न विचारतं ना, त्या सगळ्यांना ती मोठ्यानं उत्तरं द्यायची. "देश कोणता? भारत बाप्पा, भारत, दरखेपी काय इचारतं! कीबोर्ड कोणता? हाय तोच. नेट जोडू? नाही. आधी नीट बूड टेकव, मंग नेट. कुठं राह्यते सांगू? काहून सांगू तुले? पत्रिका पाठवतं का?" गिऱ्हाईक आधी दचकायचं, मग हसायचं, मग स्वतःच लॅपटॉपला उत्तरं द्यायला लागायचं.

आणि टक्के मोजणारी ती रेघ पुढे सरकू लागली की दुकानात कोणी हात लावायचा नाही. धान्यबाजारातला एक शेठ, भल्ला घाईचा माणूस. रेघ शेवटाकडे येऊन थबकली तसा तो अस्वस्थ झाला, म्हणाला, अटकलंय हे, आणि त्यानं बटण दाबून बंदच केलं.  मला वाटलं आता शेठचं काही खरं नाही.

सुनंदाताई इतकंच म्हणाली, "शेठजी, घरी भात कोन करते?"

"बायको."

"तिच्या भातावरचं झाकण दर मिनिटाले काढता का?"

"काढू देत नाही."

"मी बी नाही देत. बसा."

सगळं पहिल्यापासून झालं. शेठ हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या पोट्ट्यासारखा बसून राहिला. पुढे त्यानं गहू-तांदळाच्या भावात तिला कधी सूट दिली नाही, पण दुकानातला प्रत्येक लॅपटॉप मात्र तिच्याकडेच पाठवला.

अशी ही बाई वर्षातून एकदा मात्र गप्प व्हायची. खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्या गल्लीत हत्यारांची, अवजारांची पूजा. भांडेवाले हातोड्यांना फुलं वाहतात, मीही झेरॉक्स मशीनला हळदकुंकू लावतो आणि वर्षभर दिलेल्या शिव्यांची मनातल्या मनात माफी मागतो. सुनंदाताईचं शटर त्या दिवशी बंद. दसऱ्यालाही बंद. मी एकदा विचारलं, तर "तब्येत बरी नव्हती," म्हणाली. दरवर्षी त्याच तिथीला तब्येत बिघडते हे मला पटेना. मग एका उन्हाळ्याच्या दुपारी वीज गेली, गल्ली उन्हानं ओस पडली, आणि तिनं पुठ्ठ्यानं वारा घेत घेत आपणहून सांगितलं.

तिला एकच भाऊ, गजानन, लहान. उमरेडला ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे त्याचं. काही वर्षांपूर्वी त्याच्या लॅपटॉपची डिस्क भरली म्हणून ताईनं मोठी नवी डिस्क नेली. नेमकी खंडेनवमी होती. वडील नुकतेच गेलेले, पण घरात रीत पाळायची म्हणून मागाची, त्यातून धागा नेणाऱ्या धोट्याची पूजा मांडली होती. हिनं जुनी डिस्क लॅपटॉपमधून काढली. नवी आणि जुनी, दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच रूपाच्या. नव्या डिस्कला कुंकवाचं बोट लावून तिनं ती पूजेत ठेवली. कुंकू आहे ती नवी, झाली खूण! दुसऱ्या कागदाची, चिठ्ठीची गरज काय? जुनी बाजूच्या कोनाड्यात ठेवली.

"सकाळी पाह्यतो तं दोन्ही पूजेत," ती म्हणाली. "दोहीले कुंकू. कोनीतरी मागून भक्ती केली, भाऊ. पण थे ध्यानात यायले पायजे ना? मले घाई. सोनं लुटायच्या आत काम संपवून दाखवतो म्हटलं. कुंकवाची दिसली, उचलली, टाकली. स्क्रीन सांगून राह्यली होती का यात सामान भरलं हाय. मी म्हटलं, कंपनीनं काही भरून देल्लं असन. दाबलं."

ती जुनी निघाली. गजाननच्या लग्नाचे सगळे फोटो तिच्यावर होते. फेटा बांधलेल्या वडिलांचे, नाचणाऱ्या वडिलांचे. जन्मभर मागावर वाकून बसलेला माणूस त्या लग्नात नाचला होता म्हणे. दुसरीकडे कुठेच नव्हते. फोटोवाल्यानंही आपल्याकडचे काढून टाकलेले.

"मी म्हटलं, कुंकू कोनं लावलं? थो म्हणे, तुले डोये नव्हते काय? मी म्हटलं, फोटो दोन जागी ठेवाची अक्कल नव्हती काय? थो म्हणे, तू माह्या बापाले पुसलं."  पुठ्ठ्याचा वारा जोरात चालू झाला. "मंग मी आली निघून. आपट्याचं पान बी नाही देल्लं त्याले."

ती पुसलेली जुनी डिस्क ती सोबत घेऊन आली होती, फेकली नव्हती. वेळ मिळेल तेव्हा त्यातून काही निघतं का पाहत बसायची. काही फोटो निघाले, तेही अर्धे. वर मांडव, वडिलांचा फेटा, कपाळ, आणि खाली सगळं राखाडी. ते भावाला पाठवले का, असं मी विचारलं. तर म्हणाली, "अर्धा बाप कोनाले पाठवू?"

मी वीज मंडळाला शिव्या दिल्या.

हिवाळ्यात उमरेडहून कोणाकडून तरी बातमी आली की गजाननच्या बायकोला, सोनालीला, दिवस गेले आहेत. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, दवाखाने झाले होते, नवस झाले होते. ही बातमी सुनंदाताईनं मला अशी सांगितली जशी कोणा परक्याची. "होईन तं होईन बाप्पा, मले काय." आणि दुसऱ्या दिवशी इतवारीच्या कापडबाजारातून झबलं, टोपडं आणि चांदीचे वाळे घेऊन आली. जुन्या कीबोर्डांच्या खणात लपवून ठेवले. मी पाहिलं तर म्हणाली, "सेल होता."

आपल्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा, आणि त्या बाळाला आत्या एकच होती. डोहाळजेवण झालं, हिला बोलावणं नाही. बाळ झालं, मुलगी, हेही बाहेरूनच कळलं. आता राहिलं बारसं. तेवढंच राहिलं होतं. त्यातही बोलावलं नाही तर मग हे नातं कायमचं गेलं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

"ताई, तुम्हीच जा ना," मी म्हटलं. "मोठ्या आहात."

"बोलावल्याबिगर? मी काय बह्याड हाओ?"

"मग फोन करा."

"भाऊ, तुमची मशीन कागद खाऊन राह्यली, तिच्याकडे पाहा."

त्या दिवसांत तिचं कशात लक्ष नव्हतं. हळदीच्या वाटीतले स्क्रू मोहरीत, मोहरीतले जिऱ्यात. लॅपटॉप विचारायचा, देश कोणता, आणि ती गप्पच. गिऱ्हाइकं माझ्याकडे येऊन विचारायची, ताईंना बरं नाही का? मी म्हणायचो, मला काय माहीत, मी डॉक्टर आहे का? आणि मग दिवसभर माझाच मला राग यायचा. या गजाननला उमरेडला जाऊन दोन कानाखाली द्याव्यात असंही मनात येऊन गेलं.

आणि एका दुपारी तोच माझ्या दुकानात आला. हातात हेल्मेट, खांद्याला बॅग. "भाऊ, झेरॉक्स नाही पायजे. बाजूच्या ताई रागात हायेत का?"

"ती कधी नसते?"

"मी गजानन. लहान भाऊ त्यायचा."

मी मशीन चालू ठेवून उठलो, त्याचा दंड धरला आणि सरळ शेजारी नेऊन उभा केला. न जाणो, दारातून परत गेला असता.

सुनंदाताईनं वर पाहिलं. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला, पुन्हा पाहिलं आणि मग माझ्याकडे वळली. "भाऊ, यायले इचारा, काय पायजे."

"लॅपटॉप चालू होऊन नाही राह्यला," त्यानं मला सांगितलं.

"यायले इचारा, उमरेडले दुरुस्तीवाले सरले काय?"

मी गजाननकडे वळलो, "ती विचारते आहे, उमरेडला..."

"आयकू आलं मले. त्यायले सांगा, दुसऱ्याजवळ न्याचं मन नाही झालं."

माझा आधीच तापट स्वभाव. मी म्हटलं, "मी काय पोस्टमन आहे का? सख्खी भावंडं तुम्ही, बोला ना तोंडानं!"

दोघं एकदम माझ्यावर ओरडली, "तुमी मधात नका बोलू, भाऊ!"

चला, निदान एका गोष्टीवर एकमत झालं. मी स्टुलावर बसलो.

लॅपटॉप तोच होता आणि त्यात ताईनं त्या खंडेनवमीला नेलेली नवी डिस्क होती, मागाहून बसवून घेतलेली. आता तीही गेली होती. सुनंदाताईनं ती काढली, वायरनं आपल्या मशीनला जोडली आणि कान लावला. टक, टक, टक. तिचा चेहरा बदलला.

"यात काय ठेवाचं हाय?"

गजानन खाली पाहत म्हणाला, "पोरीचे फोटो. पैल्या दिवसापासूनचे. फोन भरला होता, म्हणून सगळे यातच टाकले."

"आन् दुसरीकडे?"

त्यानं नाही अशी मान हलवली.

मला वाटलं आता आभाळ कोसळणार.  पण तिनं पंखा बंद केला, डिस्कखाली रुमालाची घडी ठेवली आणि फोटो ओढून घ्यायला लागली. डिस्क अडखळायची, ही थांबायची. पुन्हा लावायची, पुन्हा थांबायची. "ये बाई, ये, दम खा, मंग ये," असं हलक्या आवाजात डिस्कला सांगायची. मी तिला इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. गजानन हेल्मेट पोटाशी धरून उभा होता, त्याच्या कपाळावर घाम.

बऱ्याच वेळानं डिस्कची टकटक थांबली. निघाले तेवढे फोटो तिच्या मशीनवर आले होते. आता तिची जुनी सवय अशी की उघडून पाहिल्याशिवाय ती आलं म्हणायची नाही. तिचा हात माउसवर गेला आणि तिथंच राहिला. मग तिनं उघडला.

दुपट्यात गुंडाळलेलं, मुठी आवळलेलं, सगळ्या जगावर रागावलेलं एक लालबुंद तोंड. पूर्ण. खालपर्यंत.

सुनंदाताई पाहतच राहिली. भाची तिनं पहिल्यांदा पाहिली ती अशी. दुसरा फोटो उघडला, तिसरा उघडला.

"नाक बाबाचं हाय," ती म्हणाली. कोणाला, ते कळलं नाही, पण मला तर नक्कीच नाही.

"सोनाली बी तेच म्हणते," गजानन म्हणाला.

मग नवी डिस्क बसवली, पेनड्राइव्ह लावला, विंडोज सुरू झालं. देश कोणता, कीबोर्ड कोणता, सगळं तिनं मुकाट्यानं दाबलं. आणि तो पडदा आला, कोणत्या डिस्कवर टाकायचं? राहिलेलं काही निघतं का पाहायला जुनी तिनं आता वायरनं लॅपटॉपलाच जोडली होती, म्हणून पडद्यावर दोन डिस्कांची नावं, एकाखाली एक. तिनं माउसवरून हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

"कोनती थे दाखव. आन् तूच दाब."

"तू दाब ना वं."

"मी नाही दाबत. एकदा दाबलं होतं."

मग गजानन स्टूल ओढून तिच्याशेजारी बसला. हेल्मेट खाली ठेवलं. म्हणाला, "ताई, कुंकू म्या लावलं होतं."

ती वळली.

"सकाळी अंघोळ करून आलो. कोनाड्यात एकटीच पडून होती. मले वाटलं, बाबाचे फोटो हायेत हिच्यात, नव्या डिस्कची पूजा होते आन् हिची काहून नाही? म्हणून कुंकू लावलं आन् पूजेत ठेवली. मंग तू इचारलं, कोनं लावलं, तं माह्या तोंडून निघालंच नाही. जितकं निघालं नाही, तितका वरडलो तुह्यावर." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "इतके वर्स वरडूनच राह्यलो होतो मनात."

मी स्टुलावरून उठायला लागलो. अशा वेळी परक्यानं बसू नये. पण तिनं माझा शर्ट धरला, न पाहता, आणि मी पुन्हा बसलो.

"गध्या," ती म्हणाली. "सांगतं काहून नाही?"

"तू डोये मोठे करतं."

"मंग मोठेच हायेत माहे डोये!" आणि ती रडायला लागली. चष्म्यामागून, नाक ओढत, अगदी बेसूर. गजाननही. मी पडद्याकडे पाहत बसलो, कारण कोणीतरी पाहायला हवंच होतं.

मग तिनं पदरानं चष्मा पुसला, दोन्ही नावं मोठ्यानं वाचली, नव्या डिस्कवर बोट ठेवलं. गजानन म्हणाला, हो. मी म्हटलं, हो. तिनं दाबलं.

रेघ सरकायला लागली. हात लावायचा नाही, म्हणून तिघंही बसून राहिलो. रेघ अर्ध्यावर आली तेव्हा गजानन म्हणाला, "आयतवारी बारसं हाय."

"मंग? मी काय करू?"

"पाळण्यापाशी आत्या लागते. सोनाली म्हणते, आत्या नाही आली तं पोरीले बिननावाची ठेवीन."

"सोनाली म्हणते. हा एक हो झाला. तू काय म्हणतं?"

"काय म्हणतं म्हणजे? हो म्हणतो ना वं! हो! शंभर खेपा हो! म्हणूनच तं आलो. लॅपटॉप उमरेडले बी झाला असता."

रेघ कधी संपली ते कोणी पाहिलं नाही. लॅपटॉप आपला विचारत बसला होता, देश कोणता. ही आणि तो खणातून झबलं काढून त्याच्या बाह्या मोठ्या होतील का यावर भांडत होती.

जाताना त्यानं ते अर्धे फोटोही मागून घेतले. "जसे असन तसे दे," म्हणाला. तिनं सगळे पेनड्राइव्हवर घालून दिले.

रविवारी ती मला घेऊन गेली. "भाऊ, चला ना. मले एकटीले जायले कसंतरीच होऊन राह्यलं," असं म्हणाली, आणि सुनंदाताईला कसंतरी होतं हे ऐकूनच मी चप्पल घातली. वडिलांनी विणलेली लाल काठाची साडी, केसांत गजरा. स्क्रूड्रायव्हर मी निघण्याआधी अंबाड्यातून काढून घेतला, नाहीतर तसाच गेला असता उमरेडला.

तिथं ती अशी रमली की राहूनच गेली, आणि महिनाभरात इतवारीतलं सामान टेम्पोत भरून नेलं आणि भावाच्या दुकानाशेजारीच आपलं दुकान थाटलं. नेलं त्या दिवशी मी एका लग्नाला बाहेरगावी होतो. परत आलो तर शेजारी मोबाइलची कव्हरं लटकलेली, आणि भिंतीपलीकडे कोणी शिंकेना. चारदोनदा फोन झाले. तिचं "या ना भाऊ," माझं "येतो ना ताई," ते राहिलंच. म्हणून मी तिला शेवटचं पाहिलं ते त्या बारशातच.

घर बायकांनी भरलेलं होतं. पाळणा फुलांनी मढवलेला. सोनालीनं बाळ हिच्या हातात दिलं आणि सगळ्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालायला बाह्या सरसावून उभ्या राहिल्या. सुनंदाताई बाळाच्या कानाशी वाकली. आणि नाव निघेना. ओठ हलले, आवाज नाही. सबंध भांडेबाजार ज्या आवाजाखाली दबायचा तो आवाज त्या दिवशी बाईच्या घशातून बाहेर येईना. बायका हात उचलून थांबलेल्या. गजाननला राहवलं नाही, दारातून म्हणाला, "बोल ना वं ताई!" तेव्हा कुठे तिनं काहीतरी पुटपुटलं. ते फक्त बाळाला ऐकू गेलं असेल. जाई, असं सोनालीनं नंतर सगळ्यांना सांगितलं. सुनंदाताई आणि गजाननच्या आईचं नाव.

जेवणं झाली. मला शेवटची गाडी गाठायची होती म्हणून मी निरोप घ्यायला आत गेलो. ती पाळण्याच्या दोरीशी जमिनीवर बसली होती. गजरा एका कानावर आला होता. एवढ्यात पाहुण्यांपैकी एक गृहस्थ काखेत लॅपटॉप घेऊन आले. नागपूरच्या प्रसिद्ध ताई आल्या आहेत हे त्यांना कळलं होतं. "ताई, जरा पाहता का? दोन दिवसापासून नुसता काळा पडदा हाय."

तिनं मान वर केली नाही. दोरी ओढतच राहिली.

"आज दुकान बंद हाय," ती म्हणाली. "आज मी आत्या हाओ."